विहिरीतलं पोहणं

आमच्या घरात मोठी गोष्ट ठरावाशिवाय होत नाही. मालक गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. नोकरी संपल्यावर सभा कुणाची घ्यावी असा त्यांना प्रश्न पडला, तर त्यांनी आमचीच घ्यायला सुरुवात केली. ते, मी आणि सून, असे तीन सभासद. मुलगा नोकरीला बाहेरगावी, त्याला कायमचा गैरहजर धरायचा. म्हैस विकायची का ठेवायची, गच्चीवर पत्रे टाकायचे का नाही, सगळं वहीत. सूचक कोण, अनुमोदक कोण, तेही लिहायचं. आणि कोरम तीनचा, म्हणजे सगळेच हजर पाहिजेत.

तर वयाच्या साठाव्या वर्षी मला ट्रायथलॉन करायचंय असं मी म्हणाले, तेव्हाही वही निघाली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी पोहायचं, तसंच ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, आणि सायकलवरून उतरलं की पळायचं. मधे बसायचं नाही. माझ्या डोक्यात होती ती पूर्ण अंतराची शर्यत. पाण्यात जवळपास चार किलोमीटर, सायकल एकशेऐंशी, पळणं बेचाळीस. हे खूळ सुनेनं आणलं. ती शाळेत शिकवते, सुट्टीच्या दिवशी बीडच्या सायकलवाल्यांबरोबर जाते. एकदा मला हौसेनं नेलं, तर मांजरसुंब्याचा घाट मी तिच्या आधी चढून वर बसले. तिला नवल वाटलं. मला काही वाटलं नाही, कारण तो घाट माझ्या पायांना पाठ होता.

त्याचं असं की दुष्काळाच्या वर्षांत दूध इतकं आटलं, की संस्थेला गाडी परवडेना. जनावरं निम्मी चाऱ्याच्या छावणीत गेली. जे काही दूध निघायचं ते वस्त्यांवरून गोळा करून मांजरसुंब्याला थंड करायच्या केंद्रावर पोचवायचं होतं, आणि ते काम मी घेतलं. सायकलीला दोन बाजूंना दोन कॅन. जाताना भरलेले, म्हणजे चढाला भरलेले, आणि उताराला रिकामे. देवानं उलटं करायला पाहिजे होतं, पण असो. तीन वर्षं केलं. वाचायलाही मी तिथंच शिकले म्हणा ना. शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पुढचं सगळं संस्थेच्या नोटिसा वाचून.

मालकांचा विरोध सायकलीला नव्हता, पळण्यालाही नव्हता. पाण्याला होता. त्यांच्या गावात गुडघ्याच्या वर पाणी कुणी पाहिलं नव्हतं. पाणी म्हणजे टँकर, हंडा आणि रांग, एवढंच त्यांना माहीत. मी नांदूरघाटची, आमच्या चुलत्यांची विहीर मोठी होती. पाठीला रिकामा डबा बांधून त्यांनी आम्हां पोरींना पोहायला शिकवलं. पण लग्नानंतर मी चाळीस वर्षं पाण्यात उतरले नव्हते.

शेवटी असं ठरलं की आधी अर्धी शर्यत करायची, मग पूर्णचं बघू. अर्धी म्हणजे सगळं निम्मं, आणि वेळ नऊ तास. ती पालीच्या धरणावरच होणार होती. दोन वर्षं त्या धरणात नुसती ढेकळं होती, त्या साली पाणी आलं, म्हणून बीडच्या मंडळींनी भरवली. सकाळी साडेसहाला सुरुवात. मालकांनी नोटीस लिहून फ्रिजवर चिकटवली. सभा दुपारी तीन वाजता शर्यतीच्या शेवटच्या रेषेजवळ. विषय एकच. अर्जदार शर्यत पूर्ण करून सभेच्या वेळेस हजर असल्यास पूर्ण शर्यतीस परवानगी देणे, नसल्यास नाकारणे. खाली नोटिशीत असते ती नेहमीची बारीक ओळ. ती कुणी वाचत नाही, मीही वाचली नाही.

आता तीन म्हणजे तीन. हा माणूस मला ठाऊक होता. संस्थेत संकलन साडेसातला बंद व्हायचं. एकदा म्हशीनं पान्हा सोडला नाही, मला पाच मिनिटं उशीर झाला, तर माझ्या तोंडावर खिडकी लावली. आतून म्हणाले, "संध्याकाळी आणा." बायकोला आणा म्हणतात बघा. मी त्या दुधाचा खवा केला आणि रात्री त्यांच्याच ताटात वाढला. त्यांनी खाल्लाही मुकाट. पण खिडकी उघडली नाही ती नाहीच.

दोन महिने मी धरणात पोहले. काठाकाठानं, काठ उजव्या हाताला ठेवून. सून वर बसून वह्या तपासायची. चांगलं जमत होतं. पंचावन्न मिनिटांत होईल असा तिचा हिशेब होता.

शर्यतीच्या दिवशी पाण्याच्या मधोमध एक मोठा पिवळा फुगा सोडला होता. त्याला वळसा घालून परत यायचं, असे दोन फेरे. मी निघाले. हात चालत होते, दम लागत नव्हता, मनात म्हटलं हे तर सोपं आहे. डोकं वर काढलं तर फुगा पार उजवीकडं. नीट केलं, पुन्हा शंभरएक हात मारले, पुन्हा फुगा उजवीकडं. होडीवर एक गडी बसला होता, तो शांतपणे म्हणाला, "मावशी, तिकडं पाली हाय. फुगा हिकडं हाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. विहिरीत चुलत्यांनी एकच गोष्ट बजावली होती, की भिंत कायम उजव्या हाताला ठेवायची, म्हणजे दमलं की उजव्या हातानं दगड धरता येतो. म्हणून आम्ही सगळ्या पोरी डावीकडं वळत, गोल गोल फिरायचो. सरळ पोहायला विहिरीत जागाच कुठं असते. शिकले ते गोल, आणि साठाव्या वर्षीही अंग गोलच चाललं होतं. काठाला लागून पोहताना काठच मला सरळ ठेवत होता, ते मला कळलंच नाही.

मग दर दहा हातांनी मान वर काढायची आणि उजवीकडं सरकायचं. असं करत बाहेर आले तेव्हा एक तास आठ मिनिटं झाली होती. एक तास दहाला पाण्यातल्यांना बाद करत होते. दोन मिनिटांनी वाचले.

सुनेनं टॉवेल दिला आणि म्हणाली, "आत्याबाई, तुमी सारख्या डावीकडं काहून जात होताव?"

मी म्हटलं, विहिरीत गेलते. तिला काही कळलं नाही, आणि सांगायला वेळ नव्हता.

सायकलवर मी ते बरंच भरून काढलं. घाट चढून केजच्या रस्त्याला लागायचं आणि तसंच परत. येताना मांजरसुंब्याला एक धाबेवाला रस्त्यात उभा. मी दूध न्यायचे तेव्हा त्याच्याकडं रोज थांबायचे, दुष्काळातही त्यानं कधी मला बिनचहाची जाऊ दिली नव्हती. त्यानं कप पुढं केला. नाही म्हणता येईना. बसले नाही, उभ्यानं प्याले, पण त्यानं म्हशीपासून नातवंडांपर्यंत सगळं विचारलं आणि मीही सांगितलं. गेली पाच-सहा मिनिटं.

पळणं धरणाच्या रस्त्यानं होतं, चार फेरे. दुपारचं ऊन डोक्यावर. पहिले दोन फेरे पळाले, तिसरा भराभर चालले, चौथ्यात दोन्हींच्या मधलं काहीतरी केलं. मालक शेवटच्या रेषेजवळ लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर वही. मी जवळून गेले की घड्याळ बघायचे, माझ्याकडं बघत नव्हते. चौथ्या फेऱ्यात अजून एक किलोमीटर राहिला होता तेव्हा सून शेजारून चालायला लागली. किती वाजले हे मी विचारलं नाही. तिनं सांगितलंही नाही. यावरूनच कळलं की तीन वाजले.

तरी पळत राहिले. घरी जायचं तरी रस्ता तोच होता.

रेषा ओलांडली तेव्हा तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी गळ्यात पदक घातलं. मी खाली बसले. मनात खिडकी लागल्याचा आवाज येत होता. एवढा खटाटोप केला तो डावीकडं वळण्यात आणि चहात गेला, असं वाटत होतं. मालक उठून आले, पाण्याची बाटली दिली, आणि वही उघडून वाचायला लागले. आवाज अगदी संस्थेतला.

"तीन वाजता तीनपैकी दोन सभासद हजर न्हवते. कोरम न्हाई. सभा तहकूब केली हाय."

मी न पिताच बाटलीचं झाकण लावलं.

"नोटीस वाचली का न्हाई? खालची ओळ?" ते म्हणाले. "तहकूब सभा अर्ध्या तासानं, त्याच ठिकाणी. साडेतीनला हाय. आजून आठरा मिनिटं हायत, पाणी पी."

सून तिकडं तोंड करून हसत होती. मला मात्र हसू आलं नाही, डोळे भरून आले. त्यांनी ते बघितलं नाही असं दाखवलं. इतक्या वर्षांत त्यांनी नियम मोडला नव्हता आणि आजही मोडला नव्हता. फक्त कुणी वाचत नाही ती ओळ त्यांनी वाचली होती.

साडेतीनला सभा झाली, मी खाली बसूनच. उशिराचं कारण विचारलं. विहिरीचं सांगितलं. आणखी काही? आता इतिवृत्तात खोटं कसं लिहून घ्यायचं, म्हणून चहाचंही सांगितलं. त्यांनी दोन्ही लिहिलं. पूर्ण शर्यतीस परवानगी, अटी दोन. चहा नाही. आणि सरळ पोहता आलं पाहिजे, ते बघायची जबाबदारी सचिवांची. सूचक ते स्वतः, अनुमोदक सून.

दुसऱ्या आठवड्यापासून हा पाण्याला भिणारा माणूस रोज सकाळी माझ्याबरोबर धरणावर यायला लागला. पलीकडच्या काठावर जाऊन उभा राहायचा, हातात लाल गमछा. पाण्यापासून चार हात लांबच, पण उभा राहायचा. मी इकडच्या काठावरून त्या गमछ्याकडं बघून सुटायचे. कानात पाणी, तरी आवाज यायचा.

"डावीकडं चाललीस."

आणि मी उजवीकडं सरकायचे.