दोन दिवसांचं खोटं

बायकोला झटका आला तेव्हा मुलगी पुण्याला होस्टेलवर होती आणि तिचा एक पेपर बाकी होता. पेपर होईपर्यंत कळवायचं नाही, असं मी ठरवलं. शेजारच्या क्वार्टरमधल्यांनीही तेच सांगितलं. आमच्याकडे असंच करतात. ती भोपाळला पोचली तेव्हा दहन होऊन एक दिवस झाला होता.

मी तिला सांगितलं, "आई पहिल्याच झटक्यात बेशुद्ध झाली. तू आली असतीस तरी तिला कळलं नसतं."

मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. एक बोल्ट कमी भरला तरी तो शोधल्याशिवाय उठत नाही. पण हे खोटं होतं. बायको दोन दिवस शुद्धीत होती.

मुलगी कॉलेजला परत गेलीच नाही. तिचं जेवण अर्ध्यावर आलं. टाउनशिपच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हाला समुपदेशक बाईंकडे पाठवलं, दर बुधवारी. तिथे ती रडायला लागली की मी लगेच म्हणायचो, "अगं, तिला काही कळतच नव्हतं." ती गप्प व्हायची. मला वाटायचं, गुण येतोय.

चौथ्या बुधवारी बाईंनी मला हातानं थांबवलं. "भाईसाहब, रोने दीजिए. ये तसल्ली आप किसको दे रहे हैं?"

मुलगी डोळे पुसत म्हणाली, "बाबांचं ते पाठ झालंय. शब्द न् शब्द तोच असतो."

मग मी सांगितलं, "आई शुद्धीत होती. दोन्ही दिवस. तुला बोलव म्हणाली. तीनदा म्हणाली. मी तिला पेपरचं सांगितलं, तेव्हा तिनं मान फिरवली."

मुलगी ओरडली नाही. उठून बाहेर गेली आणि टाउनशिपबाहेर, पार आनंद नगरपर्यंत एकटी चालत गेली, हे मला नंतर कळलं. सहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढून ठेवायची आणि खोलीत जायची. समजूत घालायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

बुधवारी मी एकटाच दवाखान्यात गेलो. दहा मिनिटांनी ती आली. मधे एक खुर्ची सोडून बसली. बाईंकडे न बघता मला म्हणाली, "बाबा, पहिल्या दिवशी सकाळपासून सांगा. काही गाळू नका."