टेस्टरची जीभ

चमचा तोंडात गेला की ते डोळे मिटायचे आणि उजवा पंजा ट्रॅफिक हवालदारासारखा उभा धरायचे. म्हणजे बाकीच्यांनी गप्प बसायचं. पंजा खाली आला की निकाल. "एक नंबर", नाहीतर "ह्ये न्हाय चालायचं". तिसरा निकाल त्यांच्याकडे नव्हताच.

जयसिंगपूरच्या ज्या दूध केंद्रात मी कारकून होतो, तिथे प्रत्येक कॅनमधलं दूध हुंगून आणि चाखून ते घ्यायचं की परत पाठवायचं, हे ते ठरवायचे. आख्खं केंद्र त्यांना टेस्टर म्हणायचं. मी सोलापूरकडून आलेला, म्हणून सहा वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी पाहुणाच. "पावणं, रविवारी मोकळं हाय न्हवं?" असं शनिवारी विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता एस.टी.ची वेळ सांगायचे.

रविवारी कोल्हापूर. लोक देवीच्या दर्शनाला जायचे, आम्ही आईस्क्रीमच्या. दिवसात तीन दुकानं आणि दुकानात एकेकच कप. पोट भरायला आलो नाही, असं ते मला बजावायचे. कॉकटेल आईस्क्रीम मागवलं तर वरची फळं नि जेली माझ्याकडे सारायचे. नटवायचं काय ते नटवा, खालचं आईस्क्रीम दाखवा, असा त्यांचा खाक्या. एका चकाचक नव्या पार्लरच्या मालकाला तर त्यांनी तोंडावर सांगितलं, "पंधरा रंग हाईत, चव एकच." मी मेनूकार्डात तोंड खुपसलं. तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं.

शेवटचं दुकान ठरलेलं. मंगळवार पेठेतलं, लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ भरून, त्यात पॉट फिरवून आईस्क्रीम करणारं. मालक नवा पॉट उघडला की पहिला कप टेस्टरपुढे ठेवायचा आणि हात पुसत उभा राहायचा. ते 'एक नंबर' म्हणाले की मगच बाकीचे कप गिऱ्हाइकांकडे जायला लागायचे.

एका पावसाळ्यात त्यांना टायफॉइड झाला. दीड महिन्यानं कामावर आले ते निम्मे होऊन. आवाज तोच, पण एक नवं खूळ घेऊन आले: प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध काचेच्या नळीत तापवून बघायचे, नासतंय का. पूर्वी ज्याला एक घोट पुरायचा, त्याच्यापुढे आता रांग खोळंबायची. गवळी कुरकुरायचे. आजारानं माणूस संशयी झाला, असं मीही चारचौघांत बोलून मोकळा झालो.

दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा मंगळवार पेठेत गेलो. सीताफळाचा नवा पॉट उघडला होता. दोन कप आले. डोळे मिटले, पंजा वर झाला, खाली आला. "एक नंबर." मालक खुशीत आत वळला आणि मी चमचा तोंडात घातला.

खारट! बादलीतलं मिठाचं पाणी झाकणातून आत गेलेलं. मला वाटलं, टेस्टर चेष्टा करतायत. बघतो तर ते दुसरा चमचा खातायत, तिसरा खातायत, चवीनं. आणि मला एकदम ती काचेची नळी आठवली.

आत मालक कप भरायला लागला होता. तोंड उघडलं तर टेस्टरची अब्रू जाणार, मिटलं तर दहा गिऱ्हाइकं मीठ खाणार. माझ्या डोक्यात काय आलं देव जाणे. मी ओरडलो, "मालक, आधी स्वतः चाखा. टेस्टर तुमची परीक्षा घेतायत."

मालकानं चाखलं आणि त्याचा चेहरा पडला. टेस्टरनी माझ्याकडे पाहिलं. दोन क्षणच. मग कप बाजूला सारून खणखणीत आवाजात म्हणाले, "मी म्हनलं एक नंबर, म्हनून तू वाढाय लागलास व्हय? चाखल्याबिगार गिऱ्हाइकाला द्यायचं न्हाय."

एस.टी. हातकणंगल्याला आली तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघतच विचारलं, "लई खारट हुतं?"

"लई."

"मला नुसतं गार लागलं. जीभ गेली, पावणं. वास बी न्हाय. पन नासक्या दुधाचा एक कॅन आत सोडला न्हाय मी. रिटायर व्हायला दोन वर्सं ऱ्हायल्यात. लोकांस्नी कळलं तर कीव करतील. त्ये मला सोसायचं न्हाय."

मला रडू आलं, सांगायला लाज कसली. मी म्हणालो, जीभ माझी घ्या, बोलायचं तुम्ही. बेत तिथंच ठरला. टेबलाखाली त्यांच्या पायावर मी एकदा पाय दाबला तर एक नंबर, दोनदा दाबला तर नाही चालायचं.

पुढची दोन वर्षं रविवारी हेच. नुसतं गोड म्हणून भागेना. चिकट लागलं की कॉर्नफ्लोअर, जिभेवर खडूसारखं बसलं की दूध पावडर, असं मला घोकून घ्यायला लावलं. एकदा मी चुकलो तर बाहेर आल्यावर माझीच खरडपट्टी काढली. टेस्टर म्हणूनच ते रिटायर झाले, हार घालून, ताठ मानेनं. त्यानंतरही आमचे रविवार चुकले नाहीत. काही वर्षांनी झोपेतच गेले.

परवा एकटाच त्या दुकानात गेलो. मालकानं ओळखलं, सीताफळाचा कप पुढे ठेवला आणि हात पुसत उभा राहिला. मी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले. दुधाचं, दाट, कशाची भेसळ नाही. मी टेबलाखाली एकदा पाय दाबला.

खाली नुसती फरशी होती.