अक्काची अगरबत्ती

दिवेलागणीला साक्रीहून फोन वाजला. रोजचीच वेळ. न बघताच उचलला आणि म्हणालो, "लाव लाव, नही घाबरत मी." पलीकडे भाचा प्रमोद होता. "मामा… माय गयी."

अक्का, माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर शेत तिनेच सांभाळलं. यंदा सगळं गाव म्हणत होतं, कांदा काढल्या काढल्या विकून टाक, कांदाचाळीत साठवलास तर सडेल. अक्का कुणाचं ऐकेल तर शपथ! वर्षाची सगळी मेहनत तिने चाळीत भरली. माझ्या जिवाला घोर. म्हणून चाळीत वास हुंगणारी एक डबी बसवली. आत सडका वास धरला की ती धुळ्यात माझ्या मोबाइलवर बोंब मारायची.

दुसऱ्याच दिवशी बोंब! धावत गाडी काढली. बघतो तर डबीला हळदकुंकू आणि पुढ्यात अगरबत्ती. धुराने डबी पिसाळली होती. मी असा भडकलो! अक्का शांत. "तो बठ्ठा कांदानी राखण करस, मंग त्याले धूप नको?" आता हिच्यापुढे काय डोकं फोडायचं? शेवटी ठरलं, आधी मला फोन, मग अगरबत्ती. तेव्हापासून रोज संध्याकाळी, "लाई राह्यनू रे, घाबरू नको."

भर पावसाळ्यात एका संध्याकाळी फोन आलाच नाही, बोंब मात्र आली. मीच फोन लावून चिडून विचारलं, "अक्का, न सांगता लाई का?"

"आज लायेलच नही रे."

तशीच गाडी काढली. पोहोचलो तेव्हा प्रमोद आणि अक्का कांदा उपसत होते. पत्रा सरकून कोपऱ्यात पाणी झिरपलं होतं. वरचा कांदा ठणठणीत, खालचा हाताला मऊ. हात घालावा आणि चांगला लागावा एवढीच धडपड. कोपरा गेला, चाळ वाचली. अक्का तिथेच मटकन बसली आणि रडली. तिला रडताना मी फार कमी पाहिलंय.

तेराव्यानंतर मी एकटाच चाळीत गेलो. डबीवरचं कुंकू तसंच होतं. अक्काची फार आठवण आली. अगरबत्ती लावली, खिशातला मोबाइल बोंबलायला लागला. बोंब ऐकून प्रमोद धापा टाकत आला. "काय सडनं, मामा?" मग त्याला अगरबत्ती दिसली. "न सांगता लाई का तुम्ही?"

"कोणले सांगू रे आते?"