मागाच्या खटखटीत निजणारी मुले

दिनांक १६ जून २०२५, सोमवार, सकाळी पावणेसात. कबनूरमधल्या एका गल्लीतील समाजमंदिराच्या दाराला कुलूप आढळले. दारावर टंकलिखित सूचना डकवलेली होती : 'अप्रमाणित व्यक्तीमार्फत चालविला जाणारा बालयोगवर्ग पुढील आदेशापर्यंत बंद करण्यात येत आहे.' सूचना काढणाऱ्या समाजमंदिर समितीत सात सदस्य आहेत; त्यांपैकी एकानेही तो वर्ग कधी पाहिला नव्हता. त्या वेळी दाराशी एकोणीस मुले उभी होती, सर्वांत धाकटे चार वर्षांचे. ही नोंद येथे करावी लागते, कारण समितीच्या दप्तरात ती सापडणार नाही.

वर्ग घेणाऱ्या झुंबरबाईंनी सूचना दोनदा वाचली. चौथीपर्यंतच्या शिक्षणाला 'अप्रमाणित' हा शब्द जड गेला. कुलपाचा अर्थ मात्र लगेच कळला.

बत्तीस वर्षे त्यांनी यंत्रमागाच्या कांड्या भरल्या. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या नळीवर सूत गुंडाळायचे हे काम मान मोडून करावे लागते. पन्नाशीला त्यांची पाठ अशी वाकली की समोरच्याचे तोंड पाहण्यासाठी भिंतीला टेकावे लागे. मग जयसिंगपूरच्या एका योगवर्गाला त्या दोन वर्षे एसटीने गेल्या आणि पाठ सरळ करूनच थांबल्या. घरी सराव करताना नात अनुजा शेजारी येऊन तसेच हातपाय हलवी. अनुजाच्या मागून गल्लीतली पोरे आली, आणि चार वर्षांपूर्वी समाजमंदिरात वर्ग सुरू झाला. कोणी बोलावले नव्हते आणि कोणी पैसेही देत नव्हते.

लहान मुलांना आसनांची संस्कृत नावे त्या आधी सांगत नसत. "ऊस व्हा," म्हटले की एकोणीस ऊस टाचा उचलून उभे राहत. "वारं आलं," म्हटले की डुलत. "आता म्हस पाण्यात बसली," म्हटले की सगळी गुडघ्यांवर. त्यांचे नियम मात्र कडक होते. न्याहारीआधी यायचे, श्वास कोंडायचा नाही, दुखले की तिथेच सोडायचे. मुलाला दाबून वाकवताना त्यांना कोणी पाहिलेले नाही. त्यांचा तळवा नेहमी पाठीखाली असे, पाठीवर कधीच नसे.

पहिल्या महिन्यात त्यांची एक चूक झाली. शेवटी निवांत पडून राहायला शिकवताना शांतता हवी म्हणून त्यांनी शेजारच्या पिराजीला त्याचा माग थोडा वेळ बंद ठेवायला लावले. खटखट थांबताच डोळे मिटलेली सगळी मुले दचकून उठली. राजवीर नावाचा पोरगा तर दारापर्यंत धावला. "आजी, लाईट गेली!"

झुंबरबाई कपाळाला हात लावून बसल्या. उभा जन्म मागापाशी काढून हे ध्यानात कसे आले नाही? मागावाल्याच्या घरात मूल खटखटीतच जन्मते, खटखटीतच निजते. आवाज थांबला की धागा तुटला किंवा वीज गेली. मोठी माणसे धावतात, ओरडतात. या मुलांना शांततेचीच धास्ती असते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माग चालूच ठेवला. चार खटक्यांत श्वास आत, चार खटक्यांत बाहेर. आठवडाभरात निम्मी मुले पडल्या जागी झोपी जाऊ लागली.

आणि आता दाराला कुलूप होते. त्या थेट समितीचे सचिव दत्तप्रसाद यांच्या घरी गेल्या.

"मावशी, नियम म्हणजे नियम. योगदिनाला पावणं येणार, प्रमाणपत्र मागतील. मी काय दाखवू?"

"दत्तू, तुझ्या आईसंगं मी कांड्या भरल्यात. बंद करायचं तर कर की. पण एकदा बघून तरी बंद कर!"

कोल्हापूरहून राजवर्धन नावाच्या प्रमाणपत्रधारक प्रशिक्षकांना बोलावून त्यांचा अभिप्राय घ्यावा, असे ठरले. गुरुवारी एका तासापुरते कुलूप निघाले.

राजवर्धन तरुण होते, सभ्य होते. शिकलेल्या माणसाची घाई मात्र त्यांच्यात होती. ऊस झाले, म्हैस झाली, तोवर ते मान डोलावत राहिले. मुले आडवी झाली तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आजी, एवढ्या गोंगाटात विश्रांती कशी मिळणार? तो माग बंद करायला सांगा."

हो म्हटले तर मुले उठणार, नाही म्हटले तर हट्टी ठरायचे. झुंबरबाई खिडकीशी गेल्या.

"पिराजी, माग थांबव रे."

"मावशी, चार वर्षं चालू ठेव म्हणताय, आज बंद कर! तुमचा योग हाय का माझी परीक्षा?"

माग थांबला आणि एकोणीस मुले ताडकन उठून बसली. राजवीर सवयीने दाराकडे धावला. राजवर्धननी वहीत लिहिले : 'एकाग्रतेचा पूर्ण अभाव.' सोबत आलेले सचिव समाधानाने घड्याळाकडे पाहू लागले.

झुंबरबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा खिडकीतून हाक मारली, "सुरू कर!" आणि पाहुण्याला एवढेच म्हणाल्या, "सायेब, आता तुमी बोलू नका. निस्तं बघा."

खटखट सुरू झाली. कोणी सांगितले नाही, तरी मुले एकेक करून आडवी झाली. छोटी पोटे वर-खाली होऊ लागली, चार खटके वर, चार खटके खाली. अनुजाची मूठ उघडली. राजवीर घोरू लागला. राजवर्धन आधी उभ्याने पाहत होते, मग बूट काढून भिंतीशी बसले, आणि काही वेळाने त्यांचाही श्वास मागाबरोबर चालू लागला.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कुनी न्हाय. आदी माझं बी चुकलंतं. तुमच्यासारखंच."

ते हसले आणि त्यांनी वहीतली ओळ खोडली. खाली लिहिले : 'वर्ग अवश्य सुरू ठेवावा. शेजारचा माग बंद करू नये.' सचिवांनी तो कागद घेतला, "बैठकीत ठेवू," म्हणाले आणि कुलूप लावले.

ती बैठक आजतागायत झालेली नाही. योगदिनाला समाजमंदिर उघडले, पाहुणे आले, छायाचित्रे निघाली, दार पुन्हा बंद झाले. झुंबरबाई रोज पावणेसातला पिराजीच्या मागघराबाहेर पोती अंथरतात. पावसाची सर आली की एकोणीस ऊस उठून वळचणीला उभे राहतात, आणि सर थांबल्यावर त्या भिजली पोती उलटून पुन्हा अंथरतात. या सबंध काळात त्यांनी एका दिवसाचाही खाडा केलेला नाही.

वाचकांनो, हळहळून काही होणार नाही. एका सकाळी पावणेसातला या आणि समितीतल्या बहुतेकांनी आजवर जे पाहिले नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मग 'समाजमंदिराचे कुलूप काढा' एवढी एकच ओळ लिहा, खाली आपले नाव घाला आणि तो कागद सचिवांच्या हातात द्या.