गादी झाली

आईच्या गुडघ्यातली गादी झिजली, ऑपरेशन करून घ्या, असं अकोल्याच्या हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं. गावी परतल्यावर ती मला म्हणाली, "मंग तू अमरावतीले इतकी वर्सं काय करून राह्यली?"

मी त्या गादीवरच संशोधन करते. पुस्तकात तिला कूर्चा म्हणतात. मूळ पेशीनं काय व्हायचं, हे ठरवण्यात आरएनएच्या काही तुकड्यांचा हात असतो. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. ते काही जनुकांना गप्प बसवतात, आणि पेशी हाडाकडे न जाता कूर्चेकडे वळते. आईनं तूर निवडता निवडता हे सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे सोता काईच करत नाई, नुसतं सांगते? तुह्यावानीच हाये मंग थे!"

दोघी पोट धरून हसलो.

पुढे एकदा प्रयोगशाळेत आमच्या बशीतल्या पेशींनी खरंच कूर्चा धरली. मला कुठला दम निघतोय! तिथूनच फोन लावला आणि ओरडले, "आई, गादी झाली!"

बस्स, एवढंच. कुठे झाली, केवढी झाली, काही नाही. मोहरीएवढी होती हो ती!

आईनं ऑपरेशन रद्द केलं आणि मला पत्ताही लागू दिला नाही. गुडघ्याचं विचारलं की म्हणायची, "आता काय, घरचीच गादी हाये." मला वाटायचं, थट्टा करते. जायला सवड नव्हती. फोनवर मात्र पायऱ्या चढू नको, वजन उचलू नको, हे रोजचं ठरलेलं.

दिवाळीला गेले, तर ती बसल्या बसल्या सरकत न्हाणीकडे चालली होती. मला पाहून तिचा चेहरा खुलला. "आणली?"

शरमेनं मेले मी. ती गादी बशीतच आहे, माणसाच्या गुडघ्यात कधी जाईल ते मलाही ठाऊक नाही, हे तिला सांगताना मान वर होईना. तिनं लुगडं गुडघ्यावर ओढून घेतलं. मग म्हणाली, "जाऊ दे व माय."

अकोल्याला डॉक्टर गुडघा बघून चिडलेच. पाय पार वाकडा झाला होता, ऑपरेशन आता अवघड होतं. "मावशी, एवढा उशीर काहून केला?"

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं.

"मलेच भेव वाटे," आई म्हणाली. "पोरगी तं रोज सांगे."