आखूड दोरी

त्या संध्याकाळी मी अन् बायको बूढ़ा तालाबच्या पायरीवर भुईमुगाची फल्ली खात बसलो होतो. बाजूला एक माणूस पातळ लाकडाची लढाऊ बोट पाण्यात सोडून रिमोटनं फिरवत होता. पहिल्यांदाच बनवली म्हणे. दुसऱ्याची बोट छर्रे मारून हिला बुडवणार, असा खेळ. मला तो रिकामटेकडा वाटला. बोलतानाही पाण्याकडेच पाहायचा.

"एवढी मेहनत बुडवाले काहून करता?" बायकोनं विचारलं.

"डूबना तो है ही, काकी. मिलनी चाहिए."

त्यानं बोटीला दोरीनं बांधलेलं लाल बूच दाखवलं. बोट तळाला गेली की बूच वर तरंगतं, मग दोरी ओढून बोट काढायची. खिशातून त्यानं दुसरं, आखूड दोरीचं बूच काढलं. "ये मेरी गलती. डोरी छोटी काटी, तो ये भी नीचे रह गया. गोता मारके निकालना पड़ा."

"मले द्या ते," ती हसली अन् तिनं ते पदराला बांधलं. तो हसला नाही.

सकाळी ती उठलीच नाही. साडी कोरडी होती, बूच तेवढं ओलं. तिला शेवटची आंघोळ घालायला आलेल्या बाया म्हणाल्या, ते बूच सोडा. मी घरातली सगळी सुतळी त्या दोरीला जोडली अन् टोक हातात धरून बसलो.