कार्ड न घातलेला कॅमेरा

आमच्या नाटक कंपनीत दिवे सांभाळणारा एक हरहुन्नरी माणूस होता. त्याचा मुलगा कॅमेरामन झाला. फार बोलत नाही म्हणून लहानपणापासून सगळे त्याला मुका म्हणतात, आणि तोही त्या हाकेला निमूट ओ देतो. युद्ध चालू असलेल्या भागात जाऊन तो सैनिकांवर माहितीपट करतो. गोळीबार नाही हं! मोजे वाळत घालणं, बटाटे सोलणं, दाढीच्या आरशावरून भांडणं, एवढंच.

त्याची एक रीत आहे. चौकीवर पोचल्यावर पहिले काही दिवस तो कॅमेरा खांद्यावर घेऊन हिंडतो, पण आत मेमरी कार्ड घालत नाही. कॅमेरा दिसला की जवान छाती काढतात, भांग पाडतात, आवाज भारदस्त करतात.

"काका, तुमच्यासारखे नट होतात ते," तो मला म्हणाला होता. "माझा कंटाळा आला की मग माणसं होतात."

उभ्या आयुष्यात एवढा गोड टोमणा मला कुणी मारला नव्हता.

या वेळी निवेदन माझ्या आवाजात करायचं होतं. त्याची संकलनाची खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ: दोन पडदे, घरघरणारा पंखा, खिडकीवर चिकटवलेलं काळं कापड. मुका नुकताच एका चौकीवरून परतला होता. डोळे खोल गेलेले, चहावर साय धरली तरी कप हातातच. मी घसा साफ केला, तेवढ्यात दार वाजलं.

आत आले ते एक निवृत्त बसचालक. त्यांचा मुलगा त्याच चौकीवर होता. मुका तिथे पोचला त्याच आठवड्यात तो गस्तीवर गेला, तो परत आलाच नाही.

"साहेब, त्याच्या दोस्तांनी सांगितलं. तो सगळ्यांचे केस कापायचा, तेव्हा तुम्ही समोर कॅमेरा धरून बसायचात. तेवढं द्या. त्याच्या आईला दाखवतो. घरात नुसते फोटो आहेत हो, हलता-बोलता कुठेच नाही."

मुक्यानं माझ्याकडे पाहिलं. वाक्य विसरलेला नट विंगेकडे बघतो ना, तसं. मी तरी काय पुरवणार?

"बाबा, कॅमेरा रिकामा होता."

"रिकामा म्हणजे?"

त्यानं आपली रीत समजावून सांगितली. सांगताना त्यालाच ती खुळचट वाटत असावी. बसचालक ऐकत राहिले.

"वरून मनाई असेल तर तसं सांगा. मी कुठे बोलणार नाही."

"मनाई नाही हो. मी घेतलंच नाही."

"मग काय बोलायचा, ते तरी सांगा."

मुक्यानं कप खाली ठेवला. "शब्द आठवत नाहीत. मी उजेड कुठून येतोय ते बघत होतो. पण माझेही केस कापले त्यानं."

"कसे कापले?"

"खरं सांगू? वाईट. डाव्या कानामागे पायरी पडली."

बसचालकांना हसू फुटलं. "माझ्याही पडायची! शिकायला मीच सापडायचो. त्याची आई ओरडायची, अरे, लग्नाला जायचंय त्यांना, कात्री ठेव आधी!"

हसू ओसरलं, पण ते उठेनात.

"कार्ड घातल्यावरचं आहे ना?"

"आहे. पण त्यात तो नाही."

"ते कळलं हो. पण त्या पोरांचे केस त्यानंच कापलेले असतील ना?"

मुका पडद्याकडे वळला. चेहरा दिसत नाही म्हणून त्यानं बाजूला टाकलेली पाठमोरी दृश्यं उघडली. कुणी बूट पुसतोय, कुणी वाकून पाणी भरतोय. बसचालक खुर्ची ओढून पुढे सरकले.

"ही पायरी त्याचीच. थांबवा. आणि हा बघा, या बिचाऱ्याला तर दोन पायऱ्या!"

पुढच्या दृश्यांत केस वाढत गेले. पायऱ्या बुजल्या. एका मानेवर तर कुणा सराईत हाताची नवी, सरळ रेघ होती.

"मागे घ्या," ते म्हणाले. "आधीचं घ्या."

मुक्यानं मागे घेतलं. निवेदनाचे कागद मी पिशवीत सरकवले. त्या दिवशी माझ्या आवाजाचं तिथे काही काम नव्हतं.

"एवढंच फोनमध्ये घालून द्या," बसचालक म्हणाले. "नुसती मान बघून ओळखेल ती."